वार पाळायचे की माळच घालायची? मटण-चिकन कमी करणाऱ्यांसाठी आणि कायमचं सोडणाऱ्यांसाठी

आमच्या घरात सध्या दोन्ही पार्ट्या एकाच टेबलावर जेवतात. नवरा तीन वर्षांपूर्वी पौष महिन्यात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेला आणि माळ घालूनच परत आला, त्यानंतर अंडंसुद्धा नाही. मी महिन्यातून दोनदा खाते, सासूबाई निफाडच्या, माळकरी घरातल्या, त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. आणि पोरगा सोळा वर्षांचा, जिम लावलीये, त्याला रोज चार अंडी पाहिजेत. त्यात गंमत अशी की सगळ्यात आधी पूर्ण सोडलं होतं ते मी. पाच वर्षांपूर्वी. चौदा महिने टिकले आणि मालेगावला भावाकडे एका जेवणात गेलं सगळं. तेव्हा जो माणूस मला हसला होता तोच आता माळकरी आहे, असो.

सांगायचं काय तर कमी खाणं आणि सोडणं या एकाच रस्त्यावरच्या दोन पायऱ्या आहेत असं सगळे समजतात, आधी कमी करा मग हळूहळू सुटेल वगैरे. माझा अनुभव वेगळा आहे. कमी खाणाऱ्याला दर वेळेला नव्याने ठरवावं लागतं, सोडणाऱ्याला एकदाच, पण त्या एकदाच्या आधी शरीराची आणि नातेवाईकांची तयारी करावी लागते. कष्ट दोन्हीकडे आहेत, पण वेगळ्या जागी आहेत. म्हणून खाली जिथे दोघांचं वेगळं आहे तिथे वेगळं लिहिलंय.

पायरी १: आधी खरा आकडा काढा

"आम्ही काय फार नाही खात" हे वाक्य नाशिकमधल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि अर्धं खरंही असतं, कारण आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार तसेही जातात. वर संकष्टी, एकादशी, कुणाच्या घरी मंगळवार, मग श्रावण, गणपती, नवरात्र. राहतात बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण आधीच कमी खातो.

मग एक काम करा, मोबाईलमधलं पेमेंट अॅप उघडा आणि मागच्या तीन महिन्यांची हिस्ट्री काढा. मटणवाला, चिकन सेंटर, अंड्याची गाडी, बिर्याणीची ऑर्डर, पाथर्डी फाट्याच्या पुढे मित्रांबरोबर झालेली मटण-भाकरीची पार्टी, सगळं वहीत उतरवा. मी केलं तेव्हा घरातले रविवार चारच होते पण बाहेरचं धरून महिन्याला अकरा वेळा निघालं, त्यातले दोन चक्क गुरुवारी! नवऱ्याचं तर विचारूच नका, कंपनीच्या कॅन्टीनमधली अंडाकरी तो नॉनव्हेजमध्ये धरतच नव्हता.

वेळा मोजा आणि वजनही मोजा. अर्धा किलो मटण चार जणांत केलं तर हाडं वजा जाता एकाच्या वाट्याला शंभर ग्रॅमच्या आतच येतं. हॉटेलच्या स्पेशल थाळीत मात्र एकट्याच्या पुढ्यात फ्राय, रस्सा, खिमा असं तिप्पट येतं. म्हणजे बहुतेक घरांचा प्रश्न घरच्या कुकरमधला नाहीच, बाहेरचा आहे, आणि तो वहीत लिहिल्याशिवाय दिसत नाही.

पायरी २: कशासाठी, हे एका ओळीत लिहा

ही पायरी लोक गाळतात आणि मग चुकीची गोष्ट कमी करतात. कारण वेगळं असेल तर काय कमी करायचं तेही वेगळं.

तब्येतीसाठी असेल तर सगळ्यात आधी जावं सॉसेज, सलामी, नगेट्स, फ्रोझन कबाब असल्या पाकिटातल्या मालाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर होऊ शकतो अशा पक्क्या पुराव्याच्या यादीत टाकलं आणि लाल मांस, म्हणजे आपलं मटणही, 'बहुधा' च्या यादीत. जागतिक कॅन्सर संशोधन निधी ही संस्था शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आता हे बिनहाडाचं माप आहे, म्हणजे रविवारचं अर्धा किलो चौघांत खाणारं घर त्याच्या कितीतरी आत आहे. तब्येतीसाठी सोडायचं म्हणणाऱ्याने मटणाला शिव्या देण्याआधी त्यावरच्या तर्रीच्या तेलाकडे आणि सोबतच्या दोन ग्लासांकडे बघावं, हे आपलं माझं मत.

पर्यावरणासाठी असेल तर मटणाऐवजी चिकन केलं तरी फरक पडतो, कारण शेळ्या-मेंढ्या रवंथ करतात आणि त्यातून मिथेन निघतो, कोंबडीचं तसं नाही.

आणि जीवासाठी असेल तर? इथे हिशोब बरोब्बर उलटा होतो आणि तो कुणी करतच नाही. एका बोकडाचं साधारण दहा-बारा किलो मटण पडतं. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे वर्षाला २६ किलो, म्हणजे अडीच-एक बोकडं. तेच २६ किलो चिकन खाल्लं तर ब्रॉयलरचं सव्वा-दीड किलो मांस धरून वीसच्या आसपास कोंबड्या. म्हणजे 'मी मटण सोडलं, आता फक्त चिकन' म्हणणाऱ्याने दयेपोटी अठरा जीव जास्त घालवले. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस गप्प होते. जीवासाठी कमी करायचं तर चिकन आधी जायला पाहिजे. अंड्यांच्या धंद्यातही नर पिल्लांना पहिल्याच दिवशी मारतात आणि दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्यांचं काय होतं ते शेतकऱ्याच्या घरच्यांना सांगायला नको, त्यामुळे या कारणाने निघालेला माणूस पुढे वेगळ्या प्रश्नांपाशी पोचतो, त्याची तयारी ठेवावी.

पैशासाठी असेल तर काही सांगायलाच नको, मटणाचा भाव तुमचं काम करतोच आहे.

पायरी ३: तुम्ही एका वेफरवर थांबता का

चेष्टा नाही, हीच माझी टेस्ट आहे. घरात वेफर्सचं पाकीट फोडलं की तुम्ही चार खाऊन रबर लावून ठेवता की पाकीट संपेपर्यंत हात आत-बाहेर चालू राहतो?

रबर लावणाऱ्यांना कमी खाणं जमतं. मी त्यातली. मला महिन्यात दोन तारखा दिल्या की मधले दिवस डोक्यात येतही नाही. नवरा पाकीट संपवणारा. त्याने दोन वर्षं 'फक्त रविवारी' केलं आणि दर बुधवारी माझ्याशी वाटाघाटी: अगं आज पाऊस आहे, अगं आज क्लायंट आलेत, अगं मागच्या रविवारी कुठे खाल्लं होतं, तो बॅलन्स आहे ना. माळ घातल्यावर हे सगळं एका दिवसात बंद झालं कारण वाटाघाटीला जागाच उरली नाही. अशा माणसाने कमी करण्याच्या नादी लागू नये, सरळ सोडावं, त्याला तेच सोपं जातं.

पण एक सांगते, डाएट म्हणून माळ घालू नका. माळेबरोबर दारू बंद, एकादशी, वारी, असा पूर्ण आचार येतो आणि तो महाराजांसमोर शब्द देऊन घ्यायचा असतो. तेवढी श्रद्धा नसेल तर माळेशिवायही सोडता येतं, फक्त मग लोकांना उत्तरं जास्त द्यावी लागतात. 'माळकरी आहेत' म्हटलं की आग्रह जागच्या जागी थांबतो. 'सोडलंय' म्हटलं की समोरचा विचारतो, का, डॉक्टरने सांगितलं का? कधीपासून? अंडं तरी चालतं ना?

पायरी ४: कमी करणाऱ्यांनी माप ठरवायचं

'कमी खाईन' हा नियम नाही, ती नुसती इच्छा आहे. नियमात तारीख, जागा आणि वजन यातलं किमान दोन पाहिजेच. माझा नियम असा: महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार, घरातच, चौघांच्या घरात खाणाऱ्या दोघांसाठी पाव किलो. बाहेर अजिबात नाही. कॅलेंडरवर त्या दोन तारखांना गोल, बाकी कुठे नाही.

काही जणांचं उलटं असतं, घरात बंद आणि बाहेर चालू, कारण घरात सासूबाई. तेही चालेल पण मग बाहेरच्या वेळांना आकडा लावा. एका मैत्रिणीने वेगळंच काढलंय, ती फक्त कुणी प्रेमाने घरी करून वाढलं तरच खाते, विकत घेऊन नाही. तिच्या महिन्याला दोन-तीन वेळाच होतात. मला तो नियम फार आवडला, फक्त ज्यांचा गोतावळा मोठा आहे त्यांनी करू नये.

मटणवाल्याकडे पहिल्यांदा पाव किलो मागाल तेव्हा तो वर बघणारच. माझ्या नेहमीच्या दुकानात सुरा हवेतच थांबला. "ताई, पाहुणे नाही का आज? अर्धा करतो, दोन नळ्या वरून टाकतो." नळीचं आमिष मोठं असतं! मी आता आधीच सांगते, दादा पावच, नळी एकच, आणि पैसे आधीच मोजून हातात ठेवते.

पावशेरात भागवायचं तर रस्सा तेवढाच ठेवून त्यात दुसरं काहीतरी घाला. बटाटा तर सगळेच घालतात. मसूर भिजवून घातलेत तर रस्सा दाट होतो आणि पोटही भरतं. खिम्यात अर्धा सोयाचा चुरा घातला तर पोराला अजून कळलेलं नाही, त्याला सांगू नका.

पायरी ५: सोडणाऱ्यांनी पंचांगाची शिडी वापरायची

एक जानेवारीला संकल्प करणाऱ्यांची मला दया येते. जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहाच्या खाली घसरतो, नाशकात शेकोट्या पेटतात, द्राक्षवाल्यांच्या पार्ट्या असतात आणि हे नेमकं तेव्हा मटण सोडतात.

आपल्याकडे शिडी आयती आहे. श्रावण हा पहिला महिना, तेव्हा निम्मं गाव तुमच्याबरोबर असतं, आग्रह नाही, लग्नं नाहीत. चूक होते ती श्रावण संपल्यावर, पोळा झाला की लोक सुटतात. तिथे न सुटता पुढे गणपती आले, ते होईपर्यंत थांबा. मग पितृपक्ष, मग नवरात्र. श्रावण लागल्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण ७० दिवस होतात आणि त्यातले बरेच तुम्ही एरवीही पाळताच, फक्त मधली गॅप भरायची. ज्यांना थोडं आधीपासून जमेल त्यांनी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पूर्ण चातुर्मास करावा, चार महिने. कार्तिकीला स्वतःला विचारा की आठवण येते का. येत असेल तर तुम्ही कमी खाणाऱ्यांत या, त्यात कमीपणा काही नाही. येत नसेल तर थंडीचे तीन महिने आणि धुळवड एवढी एक परीक्षा राहिली. धुळवडीच्या सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग बघूनही तुम्ही दूध घेऊन घरी आलात की समजा सुटलं.

आणि गटारी? श्रावणाच्या आदल्या अमावास्येला महिन्याभराचं एकदम खाऊन घ्यायचं हा प्रकार सोडणाऱ्यांनी करूच नये. पोट बिघडतं ते वेगळंच, पण श्रावणाचा अर्थ 'शिक्षा' असा होऊन बसतो आणि मग सुटकेची तारीख मोजणं सुरू होतं. दीप अमावास्या आहे ती, दिवे घासा, पुरणाचे दिंड करा.

पायरी ६: मटण सोडा, रस्सा सोडू नका

चौदा महिन्यांत मला सगळ्यात जास्त आठवण कशाची आली माहितीये का? पीसची नाही. वाटणाच्या वासाची. रविवारी अकरा वाजता शेजारच्या खिडकीतून खोबरं भाजल्याचा वास आला की जीव कासावीस व्हायचा, आणि मी मूर्खासारखी दुधीची भाजी फोडणीला टाकून बसलेली. सोडणारे नव्वद टक्के लोक हीच चूक करतात, मटणाबरोबर काळा मसालाही सोडतात आणि मग म्हणतात व्हेजमध्ये काही दम नाही.

तर रविवारचं वाटण तसंच करायचं. दोन मोठे कांदे सालासकट थेट गॅसच्या जाळीवर ठेवायचे, बाहेरून कोळसा आतून मऊ होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून आचेवर, कडेने पेट घेतला की फुंकून विझवायची, हा खमंग-कडवट वासच सगळं काम करतो. दहा-बारा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, कोथिंबीर काड्यांसकट. पाणी अगदी कमी घालून वाटायचं. लोखंडी कढईत तेल तापवून वाटण टाकायचं आणि कडेने तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं, दहा मिनिटं तरी, इथे घाई केली की रस्सा कच्चा लागतो. मग उन्हाळ्यात कांडपावरून आणलेला घरचा काळा मसाला दोन चमचे, गरम पाणी (गार पाणी टाकलं की तर्री बसते).

आता आत काय टाकायचं. सोयाचे मोठे चंक्स टाकायचे असतील तर त्यांचा तो कुबट वास आधी घालवा: मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका, दोन्ही हातांनी पिळा, परत पाणी, परत पिळा, तीनदा. मग दही, हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास, आणि तव्यावर थोड्या तेलात कडा लाल होईपर्यंत परता. हे न करता थेट रश्शात टाकले तर ओला स्पंज खाल्ल्यासारखं लागतं आणि लोक सोयाला नावं ठेवतात. अख्खा मसूर याच रश्शात अप्रतिम होतो. डुबुकवड्या, म्हणजे रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्या, होतात. उन्हाळ्यात कच्चा फणस मिळाला तर उत्तमच, पण फणसाला प्रोटीनच्या खात्यात धरू नका, तो नुसता चावायला. शेवभाजी खानदेशी पाहुण्यांसाठी ठेवा, ती रोजची नव्हे.

थंडीत सूप-पाय्याची आठवण आली तर हुलग्याचे (म्हणजे कुळथाचे) शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, मूठभर ज्वारीचं, भरपूर लसूण-जिरं-मिरचीचा ठेचा, मीठ, हळद, घट्ट मळायचं आणि तेलाच्या हाताने कडबोळ्यांसारखे वळायचे. लसणाच्या फोडणीत पाणी खळखळा उकळलं की एकेक सोडायचे, चमचा लगेच घालायचा नाही, मोडतात. पंधरा-वीस मिनिटं. शेवटी थोडं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाटतो. सासूबाई म्हणतात याने अंगात जी ऊब येते ती तुमच्या पाय्याने काय येणार. त्यांनी पाया खाल्लेला नाही, पण वाद कोण घालणार.

हुलगे, मटकी, मसूर मी बुधवारच्या बाजारातून गंगेवरून (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आणते. मॉलमध्ये हुलगे शोधत बसू नका.

पायरी ७: प्रोटीनचा हिशोब एकदा तरी करा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. ६० किलोच्या बाईला झालं ५० ग्रॅम. हे काही अशक्य नाही पण आपोआपही होत नाही.

आमच्या घरचा एक दिवस: दोन भाकरी १२ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण (३० ग्रॅम डाळ) ७, तेवढ्याच मटकीची उसळ ७, पेलाभर दूध ८, वाटीभर दही ३-४, मूठभर शेंगदाणे ७, थोडा भात ३. बेरीज ४७-४८. जेमतेम. यातली उसळ काढून बटाट्याची भाजी ठेवली आणि वरणाचं पाणी केलं की चाळीसच्या खाली आलात, आणि बरीच शाकाहारी घरं रोज तिथेच असतात. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्यातून प्रोटीन जवळजवळ काहीच नाही, जे काही येतं ते त्यातल्या दाण्याच्या कुटातून.

त्यामुळे सोडणाऱ्यांनी दोन सवयी लावाव्या. रोज एक कडधान्य, मोड आलेलं, वाटीभर. आणि ३० ग्रॅम सोया आठवड्यातून तीनदा, त्यातून प्रत्येक वेळी १५ ग्रॅम मिळतात. पनीर ५० ग्रॅमला नऊएक ग्रॅम देतं, पण सोबत फॅटही. डाळ आणि भाकरी एकत्र खाणं हे आपल्या आज्ज्यांनी बरोब्बर जमवलंय, एकात जे अमिनो आम्ल कमी ते दुसऱ्यात भरून निघतं. आणि मिसळ? नाशिककर आहे, मिसळीविरुद्ध बोलणार नाही, पण तळाशी चमचाभर मटकी आणि वर तर्री-शेव-पाव, तिला प्रोटीन म्हणून खाऊ नका, मिसळ म्हणून खा.

कमी करणाऱ्यांना हे सगळं एवढं मोजायची गरज नाही, अंडी चालू असतील तर एका अंड्याचे ६ ग्रॅम धरा आणि पुढे चला.

पायरी ८: बी-ट्वेल्व (ही पायरी सोडू नका)

माझे चौदा महिने फक्त भावाच्या मटणाने मोडले नाहीत. दहाव्या महिन्यापासून पायाला मुंग्या यायच्या, जिभेला झोंबायचं, दुपारी चारला गळून जायचे. मी म्हणायचे वय झालं. फॅमिली डॉक्टरांनी टेस्ट सांगितली आणि बी-ट्वेल्व खालच्या मर्यादेच्याही खाली. आता खरं सांगायचं तर ते दहा महिन्यांत गेलेलं नसणार, कारण यकृतात याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणजे माझं आधीपासूनच काठावर होतं आणि मी न तपासता उडी मारली.

हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि ते आपल्यापर्यंत प्राण्यांच्या पदार्थांतून येतं. भाजी, डाळ, भाकरी, ड्रायफ्रूट, कशातच भरवशाचं नाही. स्पिरुलिनात असतं म्हणून विकतात, ते रूप शरीराला उपयोगाचं नाही. दिवसाची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दूध-दह्यात मिळून तेवढं येतं, पण चहातल्या दुधाला अर्धा लिटर म्हणत नाहीत. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि कमी खाणाऱ्यांनीही ऐका, चिकनमध्ये हे फार कमी असतं, मटणात त्याच्या तिप्पट-चौपट, कलेजीत भरपूर. त्यामुळे 'मी आठवड्याला चिकन खातो, मला काय धोका' असं नाही.

मग करायचं काय: सोडायच्या आधी एकदा टेस्ट, सहा महिन्यांनी परत, नंतर वर्षातून एकदा. कमी निघालं तर गोळी की इंजेक्शन ते डॉक्टर ठरवतील. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर हे अजून खाली जातं, त्यांनी तर विचारूनच सोडावं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, लहान मूल, यांच्या बाबतीत घरच्या घरी प्रयोग नको.

लोहाचं थोडक्यात. मांसातलं लोह शरीर पटकन घेतं, भाजी-कडधान्यातलं कमी. बाईला शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. बाजरी, हळीव, तीळ, पालेभाज्या खाच, पण त्यावर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. हे तासभर थांबणं मला मटण सोडण्यापेक्षा जड गेलं.

पायरी ९: भांडी, पाहुणे आणि पाकिटं

एकाच घरात दोन्ही असतील तर आधी भांड्यांचं ठरवा, तत्त्वाचं नंतर. आमच्याकडे एक कुकर, एक कढई, एक पळी, एक सुरी आणि वेगळी घासणी, हे सगळं बाल्कनीतल्या रॅकवर. त्या दोन रविवारी मी बाल्कनीत सिंगल शेगडीवर करते. सासूबाईंनी कधी बोलून दाखवलं नाही पण पहिल्या महिन्यात त्या त्या रविवारी न चुकता देवळात जाऊन बसायच्या. आता घरातच असतात, दार लावून घेतात. एवढं पुरे आहे.

नातेवाईकांना आधी फोन करा, पानावर बसल्यावर नाही. मालेगावला मी हेच चुकले. वहिनीने सकाळपासून खपून केलेलं, सगळे बसले आणि मी तेव्हा सांगितलं की मी खात नाही. तिचा चेहरा उतरला, भाऊ म्हणाला "ताई, एवढा एक पीस, माझ्यासाठी", आणि झालं. आता निघायच्या दोन दिवस आधी सांगते, आणि जाताना डुबुकवड्यांचं पीठ घेऊन जाते म्हणजे तिलाही वेगळं काय करू हा ताप नाही. नवसाचं जेवण असेल तर तिथे प्रसाद म्हणून आग्रह होतो, तिथे वरण-भाताची पंगत वेगळी असते का हे आधी विचारा, बहुतेक ठिकाणी माळकऱ्यांसाठी असतेच.

पूर्ण सोडणाऱ्यांनी पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय लावा. मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे. औषधाच्या कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, ते प्राण्यांपासून येतं, ओमेगाची कॅप्सूल माशाच्या तेलाची. जवसाची चटणी रोज चमचाभर खाल्ली तरी ओमेगाचं एक रूप मिळतं. चायनीजच्या गाडीवर कढई आणि तेल एकच असतं हे तर तुम्हाला दिसतंच.

पायरी १०: घसरलात तर

कमी करणाऱ्याचं सोपं आहे. मधेच एखादं जेवण झालं तर पुढची ठरलेली तारीख रद्द, वहीत नोंद, विषय संपला. फक्त पुढच्या महिन्यातून उसनं घ्यायचं नाही, नवरा तिथेच बुडाला होता.

सोडणाऱ्याचा घात एका वाक्याने होतो: 'आता मोडलंच आहे तर'. मालेगावहून परत आल्यावर मी पुढचे तीन आठवडे त्या एका पीसच्या नावावर सात वेळा खाल्लं. पीसने काही बिघडलं नव्हतं, त्या सात वेळांनी बिघडलं. नवऱ्याच्या बाबतीत मागच्या वर्षी एका हॉटेलात व्हेज म्हणून आणलेल्या सूपमध्ये चिकनचे धागे निघाले, दोन चमचे पोटात गेल्यावर कळलं. चेहरा पांढराफटक. घरी येऊन त्याने महाराजांना फोन केला, ते म्हणाले अजाणता झालं, उद्या उपवास करा, नामस्मरण करा आणि पुढे चला. त्याने केलं तसं. माळेशिवाय सोडलेल्यांकडे असे महाराज नसतात, त्यांनी हे आधीच स्वतःला लिहून ठेवावं, चुकून झालं तर काय आणि मोहाने झालं तर काय.

माझ्या पुढच्या महिन्याच्या तारखांना आजच गोल केले. पहिल्या रविवारी संकष्टी आलीये, त्यामुळे तो पुढच्या रविवारी सरकवला, आणि त्या रविवारी नेमके भाऊ-वहिनी येतायत, म्हणजे पाव किलोत भागायचं नाही.